इंजिनाला तोंड नव्हतं

अण्णा बोलायचे थांबले, तो हिवाळा मला आवाजांवरून आठवतो. आमचं घर बुऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यात, गल्लीच्या दोन्ही अंगांना यंत्रमाग. सकाळी वीज आली की एकेक माग जागा व्हायचा आणि थोड्याच वेळात सगळी गल्ली एका लयीत खटखटायला लागायची. फडताळातल्या कपबश्यासुद्धा त्या लयीत किणकिणायच्या. वीज गेली की सगळं एकदम बंद. त्या शांततेत मग लांबून, स्टेशनाकडून, गाडीचा भोंगा ऐकू यायचा. एरवी त्या भोंग्याला आमच्या घरात उत्तर असायचं. अण्णा डिझेल इंजिनाचे ड्रायव्हर. जेवता जेवता भोंगा वाजला की घास हातात धरून ते मान तिरकी करायचे आणि सांगायचे, "मालगाडी. खंडव्याकडं चालली. भरलेली हाये." कशावरून, असं मी विचारलं की म्हणायचे, "दम लागलाय तिला. ऐकू नाही येऊन राहिलं का तुला?" मला कधीच ऐकू यायचं नाही, पण मी मान डोलवायचे. त्या हिवाळ्यात मात्र भोंगा वाजला की अण्णा ताटावरून उठून आतल्या खोलीत जायचे. आई त्यांचं ताट झाकून ठेवायची आणि आम्ही दोघी खाली मान घालून जेवायचो.

झालं होतं ते असं. अण्णांची ड्यूटी भुसावळहून लागायची. घर बुऱ्हाणपुरात होतं ते आईच्या कामामुळे. आई जरीकाम करायची. बोहरी घरांतल्या लग्नाच्या ओढण्या, गुजराती घरांतले शालू, मंदिरातल्या देवांची वस्त्रं, असं सगळं तिच्याकडे यायचं. तेव्हा अण्णा पॅसेंजरनं भुसावळला जात, तिथून मालगाडी घेऊन आमच्याच गावावरून इटारसीकडे जात आणि दोन-तीन दिवसांनी घरी येत. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. चांदनी स्टेशन मागे टाकून गाडी जंगलातल्या वळणातून बाहेर पडली, तर डोक्यावर गवताचा भारा घेतलेला एक म्हातारा रूळ ओलांडत होता. भारा कानांवर उतरला असेल, वाराही उलटा असेल. अण्णांनी भोंगा दिला, ब्रेक लावला. भरलेली मालगाडी जशी थांबते तशीच ती थांबली, म्हणजे फार पुढे जाऊन.

हे आम्हाला अण्णांनी सांगितलं नाही. सांगितलं ते बशीरभाईंनी. बशीरभाई अण्णांचे असिस्टंट, त्या दिवशी इंजिनात शेजारीच होते. राहायला आमच्याच गावात, शनवाऱ्याकडे. बातमी द्यायला आले तेव्हा हातात मावा जिलेबीचा पुडा होता, कारण आमच्या घरी ते रिकाम्या हातानं कधी आलेच नव्हते. तो पुडा कुठे ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं. "भाभी, उसमें इनकी कोई गलती नहीं थी," असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. पुढे चौकशी झाली, तिच्यातही तेच निघालं. त्यानं काही फरक पडला नाही. अण्णा घरी आले, विहिरीवर जाऊन अंगावर पाणी ओतून घेतलं आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले. रजा वाढत गेली. माणूस उठत होता, दाढी करत होता, वाढलेलं खात होता, पण बोलत नव्हता.

आईनं आधी जेवणानं करून पाहिलं. अण्णांना आवडतं ते सगळं त्या दिवसांत आमच्या चुलीवर शिजलं. कळण्याची भाकरी आणि भरीत, उडदाचं घट्ट वरण, दाळ-बट्टी, आणि एका रविवारी तर पुरणाचे मांडे. मांडे करणं म्हणजे काय हे आमच्याकडच्या बायकांना विचारा. उपड्या खापरावर हातभर रुंदीचा, आरपार दिसेल असा मांडा पडतो तेव्हा घरातलं प्रत्येक माणूस बघायला येतं. अण्णा बघायला आले नाहीत. नंतर त्यांनी तो मांडा खाल्ला, पोस्टातलं पाकीट उलगडावं तसा उलगडून, आणि हात धुतले. आई त्या संध्याकाळी बराच वेळ खापर घासत बसली होती.

मग एक दिवस शाळेतून आले तर आई माळ्यावर चढलेली. खाली उतरली ती पोत्यात गुंडाळलेली एक वस्तू घेऊन. ती वस्तू मला माहीत होती, पण मी विसरून गेले होते. रेल्वेच्या इंजिन-शेडमध्ये कधी काळी प्रदर्शनासाठी कुणीतरी डिझेल इंजिनाची प्रतिकृती करायला घेतली होती. ती अर्धवट राहिली, भंगारात निघाली, आणि अण्णांनी माझ्यासाठी घरी आणली. मी लहानपणी दोन दिवस तिच्याशी खेळले असेन. पत्र्याचं ते इंजिन होतं माझ्या हाताएवढं, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत. एका टोकाला लांब नाक, दुसऱ्या टोकाला आखूड नाक, मधे केबिन, खाली फिरणारी चाकं. बस, एवढंच. ना दारं, ना कठडे, ना दिवा. साबणाच्या वडीला चाकं लावावीत तसं दिसायचं ते.

आईनं ते चिंचेनं घासून गंज काढला, पुसलं, आणि अण्णांच्या खाटेसमोर आपल्या कामाच्या पाटावर ठेवलं. शालू बाजूला सारला आणि पितळी तारेची गुंडी काढली. इंजिनाच्या दोन्ही बाजूंनी माणूस चालू शकेल असा एक अरुंद ओटा असतो आणि त्याला कठडा असतो, एवढं तिला स्टेशनावरून गाडी जाताना बघून माहीत होतं. तो कठडा तिनं करायला घेतला. चिमट्यानं तार सरळ करायची, खांबाएवढे तुकडे तोडायचे, पत्र्याला टोच्यानं भोकं पाडायची आणि शेगडीत तापवलेल्या लोखंडी दांड्यानं डाख लावायचा. हा दांडा तिनं गल्लीच्या तोंडावरच्या रेडिओवाल्याकडून मागून आणला होता. पहिल्या दिवशी तिची दोन बोटं भाजली. अण्णांनी ते पाहिलं आणि कूस बदलली.

माझ्या आईचे हात मी जन्मापासून बघत आले होते, पण त्या हिवाळ्यात मी ते पहिल्यांदा पाहिले असं मला आजही वाटतं. शालूवर काम करताना ती नक्षी डोळ्यांनी आधी कापडावर बघायची आणि मगच सुई उचलायची. इथेही तसंच. पत्र्याच्या त्या कोऱ्या डब्याकडे ती इतकं टक लावून बघायची की मला वाटायचं, आता यातून काहीतरी आपोआप वर येईल. आणि यायचंच. सुईच्या टोकानं ओरखडे काढून लांब नाकाच्या अंगावर दारांच्या ओळी उमटल्या, एकेका दाराला राईएवढी कडी. ओढणीवर लावायच्या आभल्यांतलं सगळ्यात लहान आभलं घासून गोल केलं, त्याचा झाला मोठा दिवा. इंजिन आणि डबे एकमेकांना टेकतात ते गोल धक्के असतात ना, तिथे टिचबटणं बसली. आमच्या चहाच्या गाळणीची जाळी एक दिवस गायब झाली आणि इंजिनाच्या छपरावर पंख्याची जाळी होऊन प्रकटली. आम्ही पुढे कितीतरी दिवस चहा फडक्यानं गाळला.

आणि मग भोंगा. बॉलपेनची पितळी टोकं असतात, निमुळती, तशी दोन तिनं कुठून तरी मिळवली होती. तिनं ती लांब नाकाच्या पुढच्या अंगाला, दिव्याच्या खाली लावली. सुंदर दिसत होती. बाहेर माग चालू होते. मी भूगोलाचं पाठ करत होते.

"भोंगा तिथं नसतो."

मी आधी दाराकडे पाहिलं, कोण आलं म्हणून. आवाज इतका बसलेला होता. आईनं मात्र मान वर केली नाही. हातातला दांडा तसाच धरून तिनं विचारलं, "मग कुठं असतो?"

"वरती. केबिनच्या छपरावर."

"एकच का दोन?"

"दोन. एकाचं तोंड पुढं, एकाचं मागं."

"बरं," आई म्हणाली, आणि लावलेली टोकं पुन्हा तापवून काढायला लागली.

पुष्कळ वर्षांनी, अण्णा गेल्यानंतर, मी तिला विचारलं होतं, "तू भोंगा मुद्दाम चुकीच्या जागी लावला होतास ना?" ती हसायला लागली. "अगं, मला खरंच माहीत नव्हतं," म्हणाली. ते खरं असेल किंवा नसेल. मी माझ्या मुलांना ही गोष्ट दोन्ही प्रकारे सांगितली आहे.

त्या दिवसापासून अण्णा दुरुस्त करायला लागले. आधी खाटेवरून, मग खाटेच्या काठावर बसून, मग खाली जमिनीवर, आईच्या समोर. त्यांचं बोलणं तेवढ्यापुरतंच असायचं. पायऱ्या चारी कोपऱ्यांना असतात. चाकांजवळ वाळूचे डबे असतात, रूळ ओले असले की चाक घसरू नये म्हणून वाळू सोडायला. पोटाखाली तेलाची टाकी असते, ती तू फार लहान केलीस. एवढं बोलून पुन्हा गप्प. आईला मापं हवी असायची आणि अण्णांना मापं पाठ नव्हती. त्यांना सगळं अंगानं माहीत होतं. "कठडा इथं येतो मला," म्हणून ते कमरेवर हात ठेवायचे. "दाराची कडी खांद्याला लागते." मग आई उठून गळ्यातली शिंप्याची टेप काढायची आणि त्यांच्या खांद्याची उंची मोजायची, कोपराची, छातीची. नवरा-बायकोला मी एरवी एकमेकांच्या इतकं जवळ उभं राहिलेलं बघितलं नव्हतं. ती मापं घेत होती, तो माणूस हात लांब करून लहान मुलासारखा उभा होता, आणि दोघंही पत्र्याच्या इंजिनाकडे बघत होते.

"पण हे कोणतं इंजिन?" आईनं एकदा विचारलं. "नंबर घालायचा ना बाजूला. कोणता घालू?"

अण्णा म्हणाले, "सगळी सारखीच."

"सारखी कशी असतील? तुम्हीच म्हणून राहिले होते, एकीचं दार वाजतं, एकीचा दिवा तिरका."

अण्णांनी इंजिनाच्या कोऱ्या बाजूवरून अंगठा फिरवला. मग त्यांनी एक नंबर सांगितला, एका श्वासात. बशीरभाई त्या दिवशी आलेले होते. त्यांनी चटकन अण्णांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. तेवढ्यावरून मला कळलं की हा नंबर त्याच इंजिनाचा आहे. आईलाही कळलं असणार. तिनं बारीक कुंचल्यानं, पिवळ्या रंगात, एकेक आकडा उतरवला.

त्यानंतर आमच्याकडे कामाचा वेग आला. सगळी इंजिनं सोडून ते एक इंजिन करायचं होतं. अण्णा डोळे मिटून आठवायचे. डाव्या बाजूच्या कठड्याचा एक खांब नवा आहे, बाकीच्यांपेक्षा जरा जाड. शेवटून तिसऱ्या दाराला ठिगळ आहे. धुरांड्याच्या मागे छपरावर काजळीचा पट्टा आहे, तो धुऊन जात नाही. आई ते जसंच्या तसं करायची. ठिगळसुद्धा. मी म्हटलं, "आई, ठिगळ कशाला? नवं कोरं दिसू दे ना." ती म्हणाली, "मग ते हे इंजिन नाही राहणार."

पण आखूड नाकाकडची बाजू कोरीच राहिली. अपघाताच्या दिवशी इंजिन त्या तोंडानं पुढे धावत होतं. आईनं विचारलं की अण्णा म्हणायचे, "पुढचं सोड. नंतर." खाली रुळांवरचं काही बाजूला लोटायला लोखंडी पट्ट्यांचं एक जाळं असतं, ते, हवेचे नळ, साखळी, दिवे, काहीच नव्हतं. बाजूनं पाहिलं तर खरंखुरं इंजिन आणि समोरून पाहिलं तर कोरा पत्रा. शेजारच्या बायका बघायला येत, तोंडात बोट घालत, आणि समोर आल्या की गप्प होत. शेवटी आईनंच एकदा भाकरी थापता थापता म्हटलं, "इंजिनाला तोंडच नाही हो." अण्णा जेवून उठले आणि ओट्यावर जाऊन बसले.

थंडी सरत आली तेव्हा बशीरभाई सांगत आले की ते इंजिन उद्या एका मालगाडीला लागणार आहे, ते स्वतः त्यावर आहेत, आणि मेल पुढे काढायला गाडी दुपारी चांदनीला बाजूच्या रुळावर उभी करतील. "मेल लेट है। आधा-पौन घंटा तो खड़ी रहेगी।" हे ते आईला सांगत होते, पण अण्णांना ऐकू जाईल अशा आवाजात.

"मला बघायचंय," आई म्हणाली. "मी आणि निमा जाऊन येतो."

सकाळी आम्ही निघायला लागलो तर अण्णा दारात बसून बूट घालत होते. आईनं डब्यात आणखी दोन भाकऱ्या घातल्या.

चांदनी तेव्हा एवढंसं स्टेशन होतं. आम्हाला उतरवून पॅसेंजर गेली आणि इतकी शांतता झाली की सागाची वाळलेली पानं जमिनीवर सरकताना ऐकू यायला लागली. अण्णा फलाटाच्या टोकाला एका झाडाखाली उभे राहिले. आम्ही दोघी पाण्याच्या टाकीजवळ बसलो. आणि मग मला ते आधी पायांत जाणवलं. जमीन कापायला लागली. नंतर आवाज आला, तोही कानांना नाही तर छातीत, आणि वळणावरून ते इंजिन बाहेर आलं.

मी रेल्वेवाल्याची मुलगी. इंजिनं मी पुष्कळ पाहिली होती. पण ते पाहणं आणि हे पाहणं यांत काय फरक होता हे मला आजतागायत नीट सांगता आलेलं नाही. ते इंजिन मी महिनोन्महिने माझ्या घरात, मांडीएवढ्या उंचीवरून पाहिलं होतं. त्याचा एकेक खांब माझ्यासमोर तोडला गेला होता. आणि आता तेच सगळं घराएवढं होऊन माझ्या अंगावर चालत येत होतं. डाव्या कठड्याचा तो जाड खांब. शेवटून तिसऱ्या दाराचं ठिगळ. काजळीचा पट्टा. छपरावरचे दोन भोंगे, एकाचं तोंड पुढं, एकाचं मागं. माझ्या आईनं बंद डोळ्यांच्या माणसाच्या सांगण्यावरून जे बोटांच्या पेरांएवढ्या आकारात केलं होतं, ते सगळं खरं होतं. सगळं जिथल्या तिथं होतं. कढत तेलाचा वास आला, तापलेल्या लोखंडाची झळ तोंडाला लागली, आणि ते एवढं धूड आमच्यासमोर येऊन थांबलं, आणि थांबल्यावरही आतल्या आत गुरगुरत राहिलं. मी आईकडे पाहिलं. ती उभी राहिली होती. पदर तोंडाशी धरलेला. मग तिनं दोन्ही हात जोडले, देवळात जोडतात तसे, आणि लगेच कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून सोडले.

ड्रायव्हर चहाला उतरून गेला. बशीरभाई वरच्या खिडकीतून म्हणाले, "आ जाओ भाभी, ब्रेक लगा है, हिलेगी नहीं।" आई रूळ ओलांडून गेली. आधी ती बाजूनं चालली, हळूहळू, एकेका दाराला नुसता तळहात लावत. ठिगळापाशी थांबून तिनं त्यावरून बोट फिरवलं, आणि मला म्हणाली, "आपलं जरा मोठं झालं गं." मग वळसा घालून ती समोर गेली. आखूड नाकासमोर. तिनं गळ्यातली टेप काढली आणि मापं घ्यायला लागली. खालचं जाळं, धक्के, नळ. दिव्यापर्यंत तिचा हात पोचेना. टाचा उंचावून पाहिलं, तरी पोचेना.

"अहो," तिनं हाक मारली. "मला हात पुरत नाही. या ना जरा."

अण्णा झाडाखाली होते. मला वाटलं ते येणार नाहीत. मला वाटलं ते चालायला लागतील, उलट्या दिशेनं, बुऱ्हाणपूरकडे, रुळाच्या कडेनं. ते उभेच राहिले. आई पण तशीच उभी राहिली, टेपचं एक टोक हातात धरून, दुसरं लोंबकळत. तिनं पुन्हा हाक मारली नाही. इंजिन गुरगुरत होतं.

मग अण्णा आले. खाली रुळांकडे बघत आले आणि इंजिनासमोर येऊन उभे राहिले. टेपचं लोंबतं टोक त्यांनी उचललं, हात वर करून दिव्याला लावलं. आईनं माप पाहिलं. "झालं," ती म्हणाली. अण्णांनी टेप सोडली, पण हात खाली घेतला नाही. तो हळूच दिव्यावरून नाकावर आला, नाकावरून खाली, धक्क्यापर्यंत, तिथून त्या लोखंडी जाळ्यापर्यंत. पुढचा भाग नव्यानं रंगवलेला होता. ते खाली बसले आणि दोन्ही तळहात त्या जाळ्यावर ठेवले.

"काहीच नाही इथं," ते म्हणाले. "रंग देऊन टाकला."

आई त्यांच्या शेजारी बसली, रुळांत, खडीवर.

"सोमा नाव होतं त्यांचं," अण्णा म्हणाले. "पलीकडच्या पाड्यातले. मी उतरून मागं गेलो ना, तर गवताचा भारा नीट होता. सुटला पण नव्हता." आणि मग ते रडले. माझे वडील, ज्यांच्या एका खाकरण्यावर मी अभ्यासाला बसायचे, ते इंजिनासमोर बसून मोठ्यानं रडले, आणि आईनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला नाही की डोळे पुसले नाहीत. ती नुसती बसून राहिली. तिचं ते बसून राहणं मला तेव्हा कळलं नव्हतं. आता, माझी स्वतःची माणसं अशी समोर कोसळताना पाहिल्यावर, कळतं की त्याहून वेगळं तिनं काही करायला नकोच होतं.

थोड्या वेळानं बशीरभाईंनी वरून हात पुढे केला. अण्णा आधी चढले. त्या उभ्या पायऱ्या ते न बघता चढले. पायांना पाठ होत्या. मग वाकून त्यांनी आईला वर घेतलं आणि मला. त्या केबिनमध्ये माझ्या उभ्या जन्मात मी पहिल्यांदा पाऊल ठेवलं. पायाखालची जमीन थरथरत होती, काट्यांच्या तबकड्या थरथरत होत्या, खिडकीची काच, आईच्या हातातल्या बांगड्या, सगळं. एवढी मोठी ताकद चार पावलांवर बांधून ठेवलेली आहे आणि आपण तिच्या पोटात उभ्या आहोत, या विचारानं मी आईचा पदर घट्ट धरला.

अण्णांनी आईला ड्रायव्हरच्या जागेवर उभं केलं. "इथून," ते म्हणाले. "मी असा होतो. त्या तिथं, ते खांब दिसतात ना, तेवढ्यावर तो मला दिसला. भोंगा हा. हा मी ओढून धरला, सोडलाच नाही. हा ब्रेक." त्यांनी ब्रेकच्या दांड्यावर हात ठेवला, पण हलवला नाही. "नंतर काहीच नसतं करायला. नुसतं बघत राहायचं."

आई बराच वेळ त्या खिडकीतून समोर बघत होती. रूळ सरळ जात होते आणि लांब, झाडीत शिरताना, एक होत होते. मागे डब्यांची रांग होती, तिचं शेवटचं टोक मला फलाटावरूनही दिसलं नव्हतं.

"दिसतं सगळं," आई म्हणाली. "थांबवता मात्र नाही येत हो."

"नाही," अण्णा म्हणाले.

"मला घरात बसून हे कळलं नसतं."

मेल धडधडत निघून गेली. ड्रायव्हर परत आला, आम्हाला बघून त्यानं अण्णांच्या खांद्यावर थाप मारली फक्त. आम्ही उतरून फलाटावर आलो. सिग्नल पडला आणि ते इंजिन निघालं, आधी इतकं सावकाश की वाटलं जमीनच मागे सरकतेय. भाकऱ्या आम्ही पाण्याच्या टाकीखाली बसून खाल्ल्या, ठेच्याबरोबर. अण्णांनी तीन खाल्ल्या. चौथी आईनं न विचारता वाढली, तीही खाल्ली.

पुढचं तोंड आईनं होळीच्या आत पुरं केलं. खालचं जाळं अण्णांनी स्वतः लावलं. डाख ओबडधोबड बसला, पण आईनं तो घासून सारखा केला नाही. त्या मार्गावर आता विजेच्या तारा आल्या आहेत आणि ती डिझेल इंजिनं कुठल्या कुठे गेली. मध्यंतरी माझा नातू फोनवर एका माणसानं केलेली इंजिनाची प्रतिकृती दाखवत होता, परदेशातली, इतकी हुबेहूब की आतले दिवे लागतात. मी ती कौतुकानं पाहिली. ते कौतुक खरं होतं. पण मनात मी तिचं ठिगळ शोधत होते.

अण्णा लगेच कामावर गेले नाहीत. साहेबांनी त्यांना शेडमध्येच हलकं काम देऊ केलं होतं, आणि ते घ्यावं असं नातेवाईक सांगत होते. अण्णांनी ऐकून घेतलं. उन्हाळा लागला, केळीच्या बागांना पाणी कमी पडायला लागलं, तापीचं पात्र खडकांत उतरलं, आणि एक दिवस जेवताना त्यांनी आईला सांगितलं की सोमवारी मी गाडीवर चाललो. आईनं विचारलं, "कोणती गाडी?" त्यांनी सांगितलं. "बुऱ्हाणपूरला थांबते का?" "नाही थांबत. सरळ निघते."

त्या दिवशी आईनं शालू तसाच उघडा टाकला आणि मला घेऊन टांग्यानं स्टेशनला आली. आम्ही फलाटाच्या पुढच्या टोकाला उभ्या राहिलो, उन्हात. गाडी आली ती भोंगा देतच आली, लांबलचक, स्टेशनाच्या बाहेरपासून. वारा अंगावर आला, आईचा पदर उडाला, आणि क्षणभर, अगदी क्षणभर, मला खिडकीत अण्णा दिसले. पांढरा रुमाल गळ्याशी, मान ताठ. मी जोरजोरानं हात हलवला. त्यांनी पाहिलं नाही. त्यांची नजर समोर होती, रुळांवर, आणि ती तसूभरही हलली नाही.

मला रडू आलं. आईनं माझ्याकडे पाहिलं, मग जाणाऱ्या डब्यांकडे. "आपल्याकडं बघितलं नाही ना?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

"चांगलं झालं," ती म्हणाली. इतक्या महिन्यांत मी तिचा चेहरा असा सैल झालेला पाहिला नव्हता. डबे जात होते, जात होते, आणि ती प्रत्येक डब्याकडे बघत उभी होती. शेवटी गार्डचा डबा गेला, फलाट मोकळा झाला. तिनं पदर खोचला.

"चल घरी," ती म्हणाली. "अंधार पडायच्या आत इटारसी गाठतील ते."